इमारतीची लाज

सुरतेच्या दक्षिणेला, डुमसच्या बाजूला, खजोद नावाचे गाव आहे. पूर्वी सुरतेच्या माणसाला हे नाव माहीत असायचे ते महानगरपालिकेचा कचरा तिथे जाऊन पडतो म्हणून. जमीन सखल, हवा खारी, भरतीच्या खाड्यांनी जागोजाग चिरलेली, आणि आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो व इकडे गांडो बावळ म्हणतात ती माजलेली. १७ डिसेंबर २०२३ रोजी याच खजोदला पंतप्रधानांच्या हस्ते सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. १५ मजल्यांचे ९ मनोरे, त्यांना मधोमध जोडणारा एक लांबलचक कणा, साडेचार हजारांच्या आसपास कार्यालये आणि सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम. अमेरिकेच्या लष्करी खात्याचे पेंटॅगॉन १९४३ साली पुरे झाले, तेव्हापासून सर्वांत मोठी कार्यालयीन इमारत म्हणून त्याचे नाव घेतले जाई. तो मान आता आमच्या खजोदकडे आला आहे.

हिऱ्याच्या धंद्यातला एक स्नेही मला ही इमारत दाखवायला घेऊन गेला होता. परतताना तो म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण ही आजूबाजूत मिसळत नाही हो." मी तीस-बत्तीस वर्षे सुरतेच्या निरनिराळ्या वास्तुविशारदांकडे ड्राफ्ट्समनचे काम केले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कल्पनांना टी-स्क्वेअर लावून रेषा मारल्या. तेव्हा इमारतीविषयी कुणी काही बोलले की माझे कान टवकारतात. स्नेह्याचे वाक्य मी त्या वेळी सोडून दिले, पण ते मला सोडीना. मिसळत नाही म्हणजे काय? आणि मिसळावे का?

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा असता तर या अंकाची पाने मी अडवली नसती. पण आज सुरतेपासून वापीपर्यंत आणि इकडे नवापूर, नंदुरबारपर्यंत शेतांमधून कामाच्या जागा उठत आहेत. ज्याला थोडी समज आहे असा प्रत्येक मालक सांगतो की माझी इमारत निसर्गात मिसळून जाईल, डोळ्यांना खुपणार नाही. छपरावर हिरवळ, भिंतीवर वेली, मातकट रंग, कमी उंची. ऐकायला गोड वाटते. माझा प्रश्न एवढाच, की जी इमारत दिसू नये म्हणून इतकी धडपड करते, ती नम्र असते की काही लपवत असते? इमारतीला लाज असावी का, आणि असलीच तर ती कोणाची?

आधी खजोदला न्याय देऊ. लांबून ती इमारत डोंगरासारखी दिसते हे खरे. पण दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिस या संस्थेने तिचा आराखडा करताना समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची दिशा पाहिली आहे. मधला कणा दोन्ही टोकांना रुंदावत जातो, म्हणजे वारा आत शिरावा. थंड पाण्याच्या नळ्या फिरवून गारवा देण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे वातानुकूलनाची वीज वाचते. डोळ्याला ही इमारत मिसळत नाही, पण वाऱ्याशी तिची ओळख आहे. मिसळण्याचे हे दोन प्रकार निराळे आहेत. आपण एकाला दुसरा समजून बसतो, आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

डोळ्याला मिसळणे सोपे असते, आणि ते नेहमी नम्रतेतून येते असेही नाही. कतारगामला इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. तिथे सर जॉर्ज ऑक्सेंडनची भव्य कबर उभी आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार ज्याने राखली तोच हा ऑक्सेंडन. तो १६६९ साली वारला. त्याच्या कबरीवर घुमट आहे, छत्र्या आहेत, कमानी आहेत. अनोळखी माणसाला ती एखाद्या मोगल सरदाराची वाटावी. जवळच डचांच्या कबरी आहेत, त्याही तशाच. हे परदेशी व्यापारी इथल्या मातीत मिसळू पाहत होते काय? मुळीच नाही. इंग्रजांना डचांच्या वरचढ दिसायचे होते आणि डचांना इंग्रजांच्या, आणि इथल्या लोकांवर छाप पाडायची तर इथल्याच थाटात पाडायला हवी हे दोघेही ओळखून होते. रूप इथले, हेतू वखारीचा. तेव्हा एखाद्या कारखान्याने कौलारू छप्पर घातले, वारली चित्रे काढली म्हणून तो गावचा झाला असे मी मानत नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत आणि पोट सुरतेत. उधना, लिंबायत, डिंडोलीकडची किती तरी घरे तशीच. अशा माणसाला मी काय म्हणतो ते चटकन कळेल. धुळे-नंदुरबारकडे पाऊस पंचवीस-तीस इंच. तिथे धाब्याची घरे चालतात. लाकडी माळवदावर मातीचा थर, वर खारी माती, आणि उन्हाळ्यात त्याच धाब्यावर झोपायचे. तेच धाबे सुरतेला आणून बांधा. इथला पाऊस पंचेचाळीस-पन्नास इंच. पहिल्या आषाढातच धाबे गळायला लागेल. म्हणून इकडे उतरते छप्पर, विलायती कौले, बांबूच्या कुडाला शेणमातीचा लेप. कोणी वास्तुविशारद आला नव्हता, कोणी निसर्गाशी एकरूप होण्याची भाषा केली नव्हती. पावसाने शिकवले आणि लोक शिकले.

जमिनीचेही तेच. तापीच्या दोन्ही काठांची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला की भिंतींना तडे जातात. म्हणून खाली फुगीर टोक असलेले पाइल खोल नेऊन, माती जिथे हलत नाही त्या थराला धरतात. रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात रुजवली. काळ्या जमिनीवर जी इमारत खऱ्या अर्थाने मिसळते तिचे मिसळणे असे जमिनीखाली असते, फोटोत येत नाही.

पाण्याचे तर विचारूच नका. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. तापी शांत असली तरी शहराच्या दक्षिणेकडच्या खाड्या पावसाळ्यात तुंबतात, जुलै २०२४ मध्ये तुंबल्या, जून २०२५ मध्ये पुन्हा तुंबल्या. इथला म्हातारा शेतकरी कोणतेही नवे बांधकाम पाहून पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा किंवा उंचीचा नसतो. तो विचारतो, "पाणी कुठून जाशे?" त्याच्या दृष्टीने भराव टाकून चार फूट उंच केलेला आणि वर सुंदर हिरवळ लावलेला आवार हा गावात मिसळलेला नव्हे. त्या आवाराचे पाणी शेजारच्याच्या भातात जाते. तोच भराव बोडका असता तरी त्याला तेवढाच खुपला असता. हिरवळीने पाण्याची वाट बदलत नाही.

'ग्रामीण देखावा' हा शब्दच मुळात रस्त्यावरच्या माणसाचा आहे. गाडीच्या खिडकीतून शेत पाहिले की तो देखावा होतो. जो त्या शेतात राहतो त्याला बांध दिसतो, विहीर दिसते, कोणाचा ऊस कधी तुटणार ते दिसते. तेव्हा इमारत देखाव्यात मिसळली असे म्हणताना आपण कोणाच्या डोळ्यांना प्रमाण मानतो ते आधी ठरवायला हवे.

याचा एक नमुना सांगतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी मी ज्या कचेरीत होतो तिथे कडोदऱ्याच्या बाजूच्या एका यंत्रमाग कारखान्याचे काम आले. नाव घेत नाही. मालक हौशी होता. हायवेकडून पाहिले तर बागच दिसावी, कारखाना दिसूच नये अशी त्याची अट होती. मातीचा उंच बांध, त्यावर गुलमोहर आणि बोगनवेल, मागे दबलेली शेड. नकाशा देखणा झाला, एका मासिकात त्याचा फोटोही आला. पण हायवेची बाजू झाकली म्हणजे यंत्रमाग थांबत नाहीत. खिडक्या, पंखे, गटार, डिझेलचे जनरेटर या सगळ्यांनी मागच्या बाजूला तोंड काढले, आणि मागच्या बाजूला हळपतींची वस्ती होती. शेडला पुढून उजेड नाही म्हणून आत दिवसाही ट्यूबलाइट. मी साहेबांना म्हटले, निदान उत्तरेकडून छपरात उजेड घेऊ या, गिरण्यांच्या करवती छपरात असतो तसा. साहेब म्हणाले, "पार्टीला छप्पर रस्त्यावरून दिसायला नको आहे." विषय संपला. हायवेवरून जाणाऱ्यांच्या मते त्या पट्ट्यातली ती सर्वांत सुसंस्कृत इमारत होती. वस्तीतल्या बायकांना कोणी विचारले नाही.

याच्या उलट बारडोलीच्या साखर कारखान्याची चिमणी घ्या. तिने कधी लपण्याचा प्रयत्न केला नाही. मैलोन् मैल दिसते, वासही येतो. तरी बारडोलीच्या ऊस उत्पादकाला ती परकी वाटत नाही, कारण कारखाना सहकारी आहे, ऊस त्याचा आहे, आणि चिमणीतून धूर निघाला की त्याच्या घरात पैसा येणार असतो. देवळाचा कळस, जिनिंगची चिमणी, पाटलाचा वाडा. गावात उंच गोष्टी पूर्वीपासून आहेत. गावाला उंची खुपत नाही. परकेपणा खुपतो.

इथे मी थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण त्याच बारडोलीच्या उसात दुसरी एक वस्ती असते आणि ती आपल्याच माणसांची असते. दिवाळी सरली की नंदुरबार, धुळे, डांग इथून ट्रक भरभरून कोयतेवाले येतात. ओहोळाच्या कडेला, गावाच्या हद्दीवर त्यांचे पडाव पडतात. चार बांबू, उसाचे पाचट, वर प्लास्टिकचा कागद. माणूस उभा राहू शकणार नाही एवढी उंची. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतल्या मजुरांचा अभ्यास केला, त्यात या ऊसतोड्यांच्या जगण्याविषयी विस्ताराने लिहिले आहे. आता वास्तुशास्त्राच्या कसोट्या लावून पाहा. स्थानिक साहित्य, आहे. कमी उंची, आहे. जमिनीवर कमीत कमी भार, आहे. हंगाम संपला की मागे खूण राहत नाही, तेही आहे. आसपासच्या निसर्गात इतकी पूर्णपणे मिसळलेली वस्ती साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसेल. शंभर पावलांवरून ती दिसतही नाही.

मला नेमके हेच छळते. जो दुबळा आहे तो आपोआप मिसळतो, कारण त्याला दिसण्याचा अधिकारच नसतो. जो सबळ आहे त्याला मिसळण्याची हौस सुचते आणि तिच्यासाठी तो वास्तुविशारदाला पैसे देतो. एकाचे न दिसणे ही सक्ती, दुसऱ्याचे न दिसणे ही ऐट. या दोन्हींना आपण एकच शब्द वापरावा हे मला पटत नाही.

मग मालकांनी काय मनोरेच बांधावेत? तसेही नाही. नम्रपणे आणि तरीही उघडपणे बांधता येते, याचे उदाहरण शोधायला मला लांब जावे लागत नाही. याच बारडोली तालुक्यात, कडोदजवळ, तापीच्या काठी हरिपुरा आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथे काँग्रेसचे ५१ वे अधिवेशन भरले, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. त्याआधी डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात फैजपूरला खेड्यातले पहिले अधिवेशन झाले होते. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. दोन्ही ठिकाणी सजावटीचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांवर सोपवले, आणि खेड्यात मिळेल त्यातूनच करा असे बजावले. फैजपूरचे टिळकनगर आणि हरिपुऱ्याचे विठ्ठलनगर ही दोन्ही बांबू, चटया, गवत, खादी यांतून उभी राहिली. हजारो माणसांनी दिवसरात्र काम केले त्या या जागा. कचेऱ्या, सभामंडप, स्वयंपाकघरे, सगळे काही. सामान मातीशी एकरूप होते, पण जागा लपलेली नव्हती. हरिपुऱ्यासाठी नंदलालबाबूंनी जी चित्रे केली त्यांत ढोल वाजवणारा आहे, सुतार आहे, शिंपी आहे, सूत काढणारी, दळणकांडण करणाऱ्या बाया आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडतील अशी ती जागोजाग लावली होती. म्हणजे ज्यांच्या गावात जागा उभी राहिली त्यांचीच तोंडे दर्शनी भागावर होती. इमारत मातीची आणि माणसे ठळक. कडोदऱ्याच्या त्या बागेत नेमके उलटे होते.

१९३० सालचे कराडीही आठवते. दांडीला मीठ उचलल्यावर गांधीजी जवळच्या कराडी गावी झावळ्यांच्या झोपडीत राहिले आणि तिथूनच चळवळीचा पत्रव्यवहार चालवला. ५ मेच्या मध्यरात्री पोलीस त्यांना पकडायला आले तेव्हा झोपडी शोधावी लागली नाही. साऱ्या मुलखाला ती माहीत होती. इतकी लहान जागा आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही.

आता कोणी म्हणेल, अधिवेशन चार दिवसांचे, झोपडी एका माणसाची. आम्हाला चारशे माणसांची कचेरी तीस वर्षे चालवायची आहे. आक्षेप रास्त आहे. अशी उदाहरणेही आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मोलीन इथे नांगर आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या डिअर कंपनीचे मुख्य कार्यालय १९६४ साली उघडले. ईरो सारिनेन या वास्तुविशारदाने ते झाडीतल्या एका घळीवर आडवे बसवले आणि मुद्दाम गंजणारे पोलाद उघडे ठेवले. या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज थांबवतो. रंग शेतात पडलेल्या जुन्या नांगरासारखा. मला त्यातले आवडते ते हे की इमारत झाडीत शोभते खरी, पण आपण लोखंडाचे काम करतो हे ती लपवत नाही. मात्र त्याची नक्कल हजिऱ्याला करू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो थर नीट बसत नाही आणि पोलाद खात जाते.

दुसरे उदाहरण घरचे आहे. बाळकृष्ण दोशी पुण्यात १९२७ साली जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि अहमदाबादचे झाले. मराठी-गुजराती दोन्ही घरांनी त्यांच्यावर हक्क सांगावा असा माणूस. २०२३ मध्ये ते गेले. त्यांनी १९८० च्या सुमारास स्वतःचे कार्यालय बांधले, त्याचे नाव 'संगाथ'. अर्धवर्तुळाकार लांब छपरे, त्यांवर फुटक्या चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर, म्हणजे ऊन परतून जावे. काही भाग जमिनीत उतरलेला, म्हणजे गारवा राहावा. पावसाचे पाणी छपरांवरून पन्हळीने खाली खेळवलेले. अहमदाबादच्या कोरड्या उन्हाला हे शोभते. सुरतेत तसाच जमिनीत उतरलेला मजला बांधला तर श्रावणात त्यात पोहायला शिकवता येईल. सांगायचे एवढेच, की चांगली गोष्टही उचलून आणली की मिसळत नाही.

गंमत अशी की मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातले भारत डायमंड बोर्स, जे २०१० मध्ये सुरू झाले, तेही दोशींचेच. एका हाताने जमिनीत उतरलेले कार्यालय केले आणि त्याच हाताने हिऱ्याच्या व्यापाराचा तो प्रचंड बाजारही केला. यात मला विसंगती दिसत नाही. हिऱ्याच्या व्यापाराला पहारा लागतो, तिजोऱ्या लागतात, शेजारी शेजारी हजारो कचेऱ्या लागतात. असे काम झावळ्यांखाली मावत नाही, आणि मावल्याचा आव आणला तर ते ढोंग होईल. म्हणून खजोदची इमारत मोठी दिसते याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हिरे तिथे विकले जातात, घासले जातात ते वराछा आणि कतारगामच्या गल्ल्यांत, घंटीभोवती गोल बसून. तो रत्नकलाकार त्या नऊ मनोऱ्यांत कुठे आहे? उद्घाटनानंतरच्या पहिल्या वर्षी तिथली बहुतेक कार्यालये कुलपात होती आणि त्याच काळात मंदीने कारागिरांच्या हातचे काम जात होते. इमारत शेतांत मिसळते की नाही हे विचारण्याआधी, ती ज्या कामावर उभी आहे त्या कामाशी तिचे नाते काय, हे विचारायला नको का?

हे सारे मी तटस्थपणे लिहू शकलो असतो, पण गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्याच घरी आला. माझा पुतण्या सुरतेत साड्यांच्या कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे काम करतो. आता त्याला नंदुरबारकडच्या आमच्या गावी, वडिलोपार्जित शेताच्या एका तुकड्यावर, तीस मुलामुलींची कचेरी काढायची आहे. सुरतेत खोली परवडत नाही, गावात शिकलेली पोरे बसून आहेत, इंटरनेट आले आहे. विचार मला आवडला. तो म्हणाला, "काका, नकाशा तुम्हीच काढा. पण एक सांगतो, शेतात ऑफिस आहे हे कळायलाच नको. वर गवत, बाजूला बांध. मुंबईचे लोक पाहायला आले पाहिजेत."

वहिनी ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "दपाडाले काय चोरीना माल शे का?"

मी आयुष्यभर जे शब्दांत पकडू पाहत होतो ते त्यांनी एका ओळीत संपवले. पुतण्या हसला, पण गप्प झाला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. गवताचे छप्पर मी खोडले. काळ्या मातीच्या गावात वर ओल ठेवायची, खाली वर्षभर वॉटरप्रूफिंग करत बसायचे, हे मला झेपणारे नाही. उतरते छप्पर ठेवले, पाणी शेताच्या खालच्या टोकाला खड्ड्यात सोडले, तिथे आमचाच बांध आहे, शेजाऱ्याचा नाही. भिंती गावच्या भट्टीच्या विटांच्या, कारण वीटभट्टीवाला गावचा आहे आणि गवंडीही गावचेच. उजेड उत्तरेकडून, कारण दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्या पोरांच्या डोळ्यांवर सरळ ऊन येऊ नये. मुलींसाठी संडास वेगळा आणि तो मागे लांब नाही, आत. यांतले काहीही मुंबईच्या पाहुण्याला दाखवण्यासारखे नाही.

भांडण झाले ते ओट्यावरून. मराठीत ओटा, गुजरातीत ओटलो. सुरतेच्या जुन्या पोळांत फिरा की तालुक्याच्या गावी, घराच्या आणि रस्त्याच्या मध्ये ही एक जागा असतेच. ती घराची असते आणि कोणाचीही असते. फेरीवाला टेकतो, शाळेची पोरे पावसात थांबतात, म्हातारे बातम्या वाचतात. नवापूरच्या रेल्वे स्थानकात निम्मा फलाट गुजरातेत आणि निम्मा महाराष्ट्रात आहे. तिथल्या एका बाकाच्या मधोमध ही हद्द गेली आहे. लोक त्यावर बसून चहा पितात आणि कोणत्या राज्यात बसलो याची फिकीर करत नाहीत. असा एखादा बाक, असा एखादा ओटा, कामाच्या जागेला असावा असे माझे मत आहे. आत कोण काय करते ते बाहेरच्याला दिसावे, आणि बाहेर कोण बसले आहे ते आतल्यांना. कडोदऱ्याच्या बांधाला हे जमले नसते, कारण तो बांध याच गोष्टीसाठी घातला होता.

पुतण्याचे म्हणणे वेगळे आहे. तो म्हणतो, "काका, ओटा ठेवला तर सगळं गाव येऊन बसेल. मुली कामाला येणार आहेत, त्यांच्या आईबापांना ते चालेल का? शिवाय डिझाइन चोरीला जातात." यातले पहिले म्हणणे मला गंभीर वाटते. उघडेपणा सगळ्यांना सारखा सोयीचा नसतो. ओट्यावर बसणारे बहुधा पुरुषच असतात हे मी का विसरू? यावर वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, ओटा ठेवा, पण त्यावर आधी बायका बसल्या पाहिजेत, दुपारी निवडणटिपण तिथेच करू. डिझाइनच्या चोरीवर त्यांच्यापाशी उपाय नाही, माझ्यापाशीही नाही.

सध्या एन.ए.चे कागद तहसील कचेरीत आहेत. विटांचा सौदा झाला आहे. ओटा चार फूट रुंद की सहा फूट, आणि त्याच्याकडे उघडणारी खिडकी जाळीची की काचेची, यावर रोज रात्री फोनवर आमचा वाद चालतो.